बोलीतली कादंबरी आणि रेडिओचं वार्तापत्र: संपादनाची पद्धत कशी लावायची?

पांझराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जळगावातल्या एका छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम बघते. सध्या हातात एक कादंबरी आहे. साधारण ४८,००० शब्द, निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बरेचसे अहिराणीत आणि काही पात्रांचे यावल-रावेरकडच्या लेवा बोलीत. लेखकाने संहिता श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टपद्धतीत) टाइप करून दिली आहे. शिवाय एका सामुदायिक रेडिओसाठी रोजचं १० मिनिटांचं स्थानिक वार्तापत्र तयार करून द्यायचं ठरतंय.

बोलीतल्या संवादांना शुद्धलेखनाचा कुठला नियम लावायचा? पुस्तक किती पानांचं होईल आणि प्रुफं किती काढायची? रेडिओसाठी वर्तमानपत्राची कॉपी जरा कापून दिली तर चालते का, आणि १० मिनिटांना किती शब्द लागतात? कायद्याच्या बाजूने काय सांभाळायचं? ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

फर्मा_सोळा

ताई, पुस्तकाचं आधी सांगतो.

निवेदनाला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम लावा (१४ आधीचे, ४ नंतर १९७२ साली जोडलेले). त्यात वाद नको. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ आणि निवेदनात ‘असे केले’, ही सोय त्या नियमांतच आहे. लेखकाने निवेदनही ‘असं-केलं’ वळणाचं ठेवलं असेल तर तसंच राहू द्या, पण मग शेवटच्या पानापर्यंत तेच पाहिजे. अर्ध्या प्रकरणात ‘त्याने सांगितले’ आणि अर्ध्यात ‘त्यानं सांगितलं’ हा दोष वाचकाला लगेच दिसतो.

बोलीला मात्र हे नियम लावायचे नाहीत. बोलीसाठी लेखकासोबत बसून शब्दांचा तक्ता करा. रुळलेलं रूप, टाळायचं रूप, कोणत्या पात्राच्या तोंडी आणि पहिल्यांदा कुठल्या पानावर आलं, असे चार रकाने पुरतात. संपादन सुरू करण्याआधी पहिली ४० पानं फक्त या तक्त्यासाठी वाचा. तुमच्या संहितेत तर दोन बोली आहेत, म्हणून हे जास्तच गरजेचं. अहिराणी बोलणारा ‘माले’, ‘तुले’ म्हणेल, लेवा बोलणारा ‘मले’ म्हणेल. ‘एकसारखं करू’ म्हणून ‘मले’चं ‘माले’ केलंत, तर एका काना-मात्रेने यावलचं पात्र साक्रीला जाऊन बसतं. तावडी-लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोया, काया), तोही सुधारू नका. ओवी किंवा गाणं असेल तर तिथे ‘डोया’चं ‘डोळा’ केल्याने यमकच तुटतं. ‘पानी’, ‘कोन’ हे बोलीतले ‘न’सुद्धा तसेच राहायला हवेत. संगणकाचा शब्दतपासनीस ते सगळे लाल दाखवणार, त्याचं ऐकायचं नाही.

अहिराणीत ‘आहे’साठी ‘शे’ लिहितात, कुणी ‘से’ लिहितात. दोन्ही चालतात, एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही चालत नाहीत. पण हा बदल ‘शोधा आणि बदला’ने एका झटक्यात करू नका. ‘शे’चं ‘से’ करायला गेलात की ‘शेत’चं ‘सेत’, ‘शेवट’चं ‘सेवट’ आणि ‘दोनशे’चं ‘दोनसे’ होतं. प्रत्येक जागा बघून हो-नाही करत जायचं. ४८,००० शब्दांत याला एखादी दुपार लागेल, ती द्यावी.

तळटीपांचा मोह आवरा. प्रत्येक बोलीशब्दाला तळटीप दिली की संवादाची लय जाते. अर्थ संदर्भाने लागत असेल तर काहीच नको. न लागणाऱ्या शब्दांची सूची शेवटी द्या, तिला पानं कुठून काढायची ते खाली येतंच आहे.

पानांचा हिशेब असा. डेमी आकार (कादंबऱ्यांचा नेहमीचा), १२ पॉइंटच्या आसपास अक्षर, पानाला २८-३० ओळी धरल्या तर सरासरी २७० शब्द बसतात. संवाद जास्त असले की ओळी अर्ध्या सुटतात आणि सरासरी खाली येते, म्हणून तुमच्याच संहितेची १० पानं लावून बघा आणि मग गुणाकार करा. २७०ने भागलं तर १७८ पानं. त्यात अर्धशीर्षक, शीर्षक, श्रेयपान, अर्पण, मनोगत धरून ८ पानं, म्हणजे १८६. डेमीचा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा) १६ पानांचा. १२ फर्मे म्हणजे १९२. उरलेली ६ पानं तुमच्या शब्दसूचीला मिळाली. पण मांडणीनंतर १९५ भरली, तर ३ पानांसाठी पुढचा फर्मा (किंवा अर्धा, ८ पानांचा) लागतो आणि बाकीची कोरी जातात. अशा वेळी अक्षर बारीक करू नका. ज्या परिच्छेदांची शेवटची ओळ एक-दोन शब्दांचीच आहे ते शोधा, वाक्यातला एखादा शब्द लेखकाला विचारून कमी करा. १९० पानांत अशा ओळी भरपूर सापडतात. २३ × ३६ इंची कागद असेल तर एका फर्म्याच्या १,००० प्रतींना एक रीम (५०० ताव) जातो, वर छपाईतली खराबी धरायची. म्हणजे ५०० प्रतींना १२ फर्म्यांचे ६ रीम आणि वर थोडा. प्रकाशकाशी बोलताना हा आकडा तोंडावर असावा.

प्रुफं तीन. पहिलं मूळ संहितेशी शब्दाला शब्द लावून. दुसरं पहिल्याच्या दुरुस्त्या झाल्या का हे बघायला, आणि इथेच नवी चूक घुसते. एक शब्द बदलला की ओळ सरकते, ओळ सरकली की परिच्छेद, म्हणून दुरुस्तीची ओळ आणि तिच्या वरची-खालची ओळ पुन्हा वाचायची. तिसऱ्या प्रुफात मजकूर वाचत बसू नका. पानांचे आकडे, अनुक्रमणिका त्या आकड्यांशी जुळते का, पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव, एक ओळ तुटून दुसऱ्या पानावर एकटी पडलीय का, आणि मुखपृष्ठ, पाठ व शीर्षकपान या तिन्ही ठिकाणी लेखकाचं नाव एकसारखं आहे का, एवढंच बघा. संपादनाचा वेग अशा बोलीच्या संहितेत तासाला ६-७ पानं धरा, प्रुफाचा १०-१२. सलग दोन तासांपुढे प्रूफ वाचू नये, डोळे ओळखीचा शब्द गृहीत धरायला लागतात.

वाघूर

रेडिओचं मी सांगते.

वर्तमानपत्राची कॉपी कापून चालत नाही. वाचणाऱ्याला वाक्य समजलं नाही तर तो मागे जाऊन परत वाचतो. ऐकणारी बाई भाकरी थापता थापता ऐकतेय, तिला मागे जाता येत नाही. त्यामुळे वाक्यच नव्याने लिहावं लागतं. १२-१४ शब्दांच्या पुढे गेलं की तोडा. कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर. वर्तमानपत्रात ‘असे जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले’ हे शेवटी येतं, तोवर ऐकणाऱ्याला वाटतं निवेदकच सांगतोय. ‘उपरोक्त’, ‘खालीलप्रमाणे’, ‘अनुक्रमे’, कंसातला मजकूर हे सगळं काढून टाका. ‘जि.प.’, ‘पं.स.’ पूर्ण लिहा. ‘त्यांनी’ म्हटलं आणि आधीच्या वाक्यात दोन माणसं असली, तर नाव पुन्हा घ्या.

शब्दांचा हिशेब. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्द लांब होतात, म्हणून शांतपणे वाचलं तर मिनिटाला साधारण ११० शब्द. १० मिनिटांतून सुरुवातीची ओळख, ठळक मुद्दे आणि समारोप मिळून पावणेदोन मिनिटं जातात. उरलेल्या सव्वाआठ मिनिटांना ९०० शब्द. ६०-७० शब्दांचा एक विषय धरला तर १३ विषय. पण ११० हा आकडा तुमच्या निवेदकाचा आहे का, ते घड्याळ लावून मोजा. कुणी ९५ने वाचतं, कुणी १२५ने. वर २० सेकंदांच्या दोन सुट्या नोंदी तयार ठेवा, वेळ उरला तर कामाला येतात. आणि शेवटून तिसरा विषय असा ठेवा की वेळ संपत आला तर आख्खा गाळता येईल. हवामान सगळ्यात शेवटी, त्याला हात लावायचा नाही.

आकडे अक्षरांत लिहा. ५९, ६९, ७९, ८९ ही मराठीत नवख्या निवेदकाची जीभ अडखळायची ठिकाणं आहेत. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’, ‘एकोणनव्वद’ असं लिहून दिलं की प्रश्न मिटतो. मोठा आकडा असेल तर ‘सुमारे’ लावून गोल करा. भाव मात्र गोल करायचे नाहीत. कापसाचा हमीभाव सांगताना धागा कोणता ते सांगितलंच पाहिजे. २०२५-२६ला मध्यम धाग्याचा क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. नुसतं ‘कापसाला ८,११०’ म्हटलं की शेतकरी खरेदी केंद्रावर जाऊन भांडतो आणि त्याचं चुकतही नाही. कापूस आणि रुई (सरकी काढलेला कापूस) एक करू नका. कापूस क्विंटलने आणि रुई खंडीने जाते, खंडी ३५६ किलोची. जिनिंगवाल्यांच्या पत्रकात खंडीचा भाव असतो, तो कापसाचा म्हणून वाचला गेला तर आपल्या पट्ट्यात गोंधळ उडेल. हमीभाव आणि बाजारभाव हे दोन शब्दही एकाच वाक्यात ठेवू नका.

कागद एकाच बाजूने लिहिलेला, एका विषयाला एक पान, पिन न मारता. वाक्य पान उलटताना तुटता कामा नये. गावांची नावं तपासायला एक यादी भिंतीवरच लावा. अक्राणी तालुका आणि धडगाव त्याचं मुख्य ठिकाण. शिंदखेडा धुळ्यात, सिंदखेड राजा बुलढाण्यात. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. आणि ‘धुळेत’ नाही, ‘धुळ्यात’.

सातपुडा_डेस्क

ताई, सामुदायिक रेडिओ म्हणताय, तर ‘वार्तापत्र’ या शब्दापाशी जरा थांबा. सामुदायिक केंद्राला स्वतः गोळा केलेल्या राजकीय आणि चालू घडामोडींच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मुळाबरहुकूम किंवा स्थानिक भाषेत, बोलीत भाषांतर करून देता येतात. पदरचं एक वाक्य घालायचं नाही. हवामान, वाहतूक, स्थानिक खेळ, यात्रा-उत्सव, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जाहिराती, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना, पूर, आरोग्याचा इशारा हे सगळं चालतं. तुमचे १३ विषय यातून सहज निघतात. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा अंतिम संहितेवर तारीख-वेळ टाकून फाइल करत जा. पुढे तक्रार आली तर काय लिहून दिलं होतं आणि काय वाचलं गेलं, दोन्ही दाखवता येतं.

ओळख उघड होऊ न देण्याची बाब छापील आणि ध्वनी दोन्हींना लागू आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने, बालकांची पॉक्सोच्या कलम २३ने आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने संरक्षित आहे. नाव गाळलं म्हणजे झालं, असं नसतं. हजार वस्तीच्या गावात ‘अमुक गावच्या शाळेतली सातवीची मुलगी, वडील ट्रॅक्टरचालक’ एवढं म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. गाव काढा, शाळा काढा, नात्यातला आरोपी असेल तर नातंही काढा. तालुक्यावर थांबा, तालुका लहान असेल तर जिल्ह्यावर.

कथा-कादंबरीतही हे बघायला हवं. खऱ्या घटनेवर बेतलेलं प्रकरण असेल तर गाव, आडनाव आणि धंदा ही तिन्ही एकत्र खरी ठेवू नयेत.

शेतकरी आत्महत्येचा विषय आला तर पद्धत, औषधाचं नाव, चिठ्ठीतला मजकूर, एकच कारण ठामपणे सांगणं, हे टाळा. निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास रेडिओ-टीव्हीवर निवडणूकविषयक मजकूर नको, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ आहे.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वार्तापत्राच्या नावाचं तर केंद्रचालकांशी आजच बोलते. दोन गोष्टी राहिल्या. श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये बदलली तर अक्षरं फार बिघडली, मुळातून पुन्हा टाइप करून घ्यावी का? आणि पावसाळ्यात पाटबंधारे विभागाच्या प्रेसनोट रोज येतील, त्या वार्तापत्रासाठी कशा फिरवायच्या ते एखाद्या नमुन्याने दाखवाल का?

फर्मा_सोळा

पुन्हा टाइप करू नका, नव्या चुका येतील. पण आधी एकच गोष्ट पक्की करा: मांडणी कशात होणार? डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर असेल तर युनिकोड तिथे चालणारच नाही, त्याला श्रीलिपीतच द्यावं लागेल, मग बदलाचा खटाटोप कशाला? इनडिझाइनवर असेल तर युनिकोड करा आणि परत मागे जाऊ नका. एकदा इकडे एकदा तिकडे केलं की दुरुस्त्या दोन फाइलींत वाटल्या जातात.

बदलताना प्रकरणागणिक करा, आणि मूळ फाइलचा पीडीएफ आधी काढून ठेवा. नेहमी बिघडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘कार्य’चं ‘काय्र’ होतं. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी अलीकडे सुटते, ‘स्थिती’ची ‘िस्थती’ होते. म्हणून जागा सोडून लगेच आलेली वेलांटी शोधा, आणि ठिपक्यांचं वर्तुळ दिसतंय का ते बघा, बहुतेक चुका या दोनांत सापडतात. रोमन लिपीतला मजकूर असेल तर तो निरर्थक देवनागरी अक्षरांत बदलतो, तो बदलण्याआधी बाजूला काढून ठेवा. अवतरणचिन्हं आणि संयोगचिन्हं हमखास बदलतात, ती मुळाशी ताडून बघा.

एक चूक डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो. एकदा वेगळ्या ‘ऱ’ने, एकदा ‘र’ला हलन्त लावून मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखे. पण शोधताना एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही, आणि तुम्हाला वाटतं संहितेत तो शब्द एकदाच आहे. ‘ॲ’चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि एक ‘अ’वर चंद्र लावलेलं. सुरुवातीलाच दोन्हींचं एकेक रूप करून घ्या, मगच बोलीचा तक्ता हाती घ्या.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या शैलीत ‘वर्ल्ड रेडी’ कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. आणि भाषा मराठी ठेवा. हिंदी ठेवली तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात.

वाघूर

प्रेसनोटचं. नमुना असा धरू (आकडे समजण्यापुरते; क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर):

‘हतनूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात झालेल्या अतिवृष्टीमुळे आज सकाळी ८ वाजता धरणाचे १६ दरवाजे १ मीटरने उघडण्यात आले असून त्याद्वारे १,१०० क्युमेक इतका विसर्ग तापी नदीपात्रात सोडण्यात येत असल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व नदीपात्रात उतरू नये, असे आवाहन पाटबंधारे विभागातर्फे करण्यात आले आहे.’

रेडिओसाठी:

‘पाटबंधारे विभागाने तापीकाठच्या लोकांना सतर्क राहायला सांगितलं आहे. नदीपात्रात उतरू नका. हतनूर धरणाचे सोळा दरवाजे आज सकाळी आठ वाजता एक मीटरने उघडले. धरणातून सेकंदाला सुमारे एकोणचाळीस हजार घनफूट पाणी नदीत सोडलं जात होतं. ही सकाळी आठची नोंद आहे.’

इशारा आधी आला, कारण ज्याचा गोठा नदीकाठी आहे त्याला तेच आधी हवं. ‘सोडलं जात आहे’ऐवजी ‘होतं’ केलं, कारण वार्तापत्र संध्याकाळी पुन्हा लागलं तर सकाळचा विसर्ग ताजा म्हणून ऐकला जातो. विभागाने न सांगितलेली सूचना आपल्या मनाने घातली नाही. ‘जनावरं पात्राकडे सोडू नका’ असं घालावंसं वाटतं, पण प्रेसनोटमध्ये नसेल तर विभागाला फोन करून विचारा, मगच घाला.

सगळ्यात मोठा धोका क्युसेक-क्युमेकचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. प्रेसनोटमध्ये क्युमेक आणि वाचताना ‘क्युसेक’ झालं, तर पूर ३५ पटींनी लहान होतो आणि लोक निर्धास्त राहतात. म्हणून नोंदीत एककाभोवती पेनाने वर्तुळ करून घ्या आणि नेहमी एकाच एककात द्या. साठ्याचंही तसंच: १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि टक्केवारी आली की ती उपयुक्त साठ्याची की एकूण, हे विचारून घ्यायचं. हतनूरला एकूण ४१ दरवाजे आहेत. ‘४१ दरवाजे पूर्ण उघडले’ आणि ‘४१ दरवाजे एक मीटरने उघडले’ यांत फार फरक आहे, त्यामुळे मीटरचा शब्द कधीच गाळू नका. धरणाखालच्या तालुक्यांची नावं घ्यायची तर पाणी जातं त्या क्रमाने घ्या. भुसावळ-यावल आधी, मग चोपडा-अमळनेर, मग शिरपूर-शिंदखेडा. पाणी आपल्याकडे कधी पोचेल, त्याचा अंदाज लोकांना त्या क्रमावरून येतो.

सातपुडा_डेस्क

पुस्तकाचं एक राहिलं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. पण मुखपृष्ठ छापायला जाण्याआधी अर्ज करा, ऐनवेळी क्रमांक नसला की मागच्या मुखपृष्ठावर चिकटपट्टी लावायची वेळ येते. क्रमांक श्रेयपानावर आणि बारकोडखाली एकच आहे ना, ते तेराही आकडे बोट ठेवून ताडा. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. बांधणीवाल्याकडून गठ्ठे आले की या चार प्रती आधी बाजूला काढायला सांगा, नाहीतर सगळ्या प्रकाशन समारंभात वाटल्या जातात.